विश्लेषण : बीएसाठी अमरावती की अकोला? दोन छोट्या कॉलेजांत खरा फरक कुठे असतो?

बारावी कला शाखेचा निकाल लागला की मूर्तिजापूर, दर्यापूर पट्ट्यातल्या घरांमध्ये दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. पोरीला बीएला कुठे टाकायचे, अमरावतीला की अकोल्याला? मूर्तिजापूरहून रेल्वेने दोन्ही बाजूंचे अंतर जवळपास सारखे, चाळीसेक किलोमीटर. एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला बडनेरा. तोवर दोन्ही शहरांतल्या कॉलेजांचे प्राध्यापक माहितीपत्रके घेऊन दारात येऊन गेलेले असतात. दोन्ही माहितीपत्रकांवर इमारतीचा फोटो, नॅकची श्रेणी आणि ‘नवीन शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम’ ही ओळ. विद्यापीठ एक, पदवी एक, फीसुद्धा जवळपास सारखी. मग निर्णय बहुतेक वेळा मामाचे घर कोणत्या शहरात आहे यावर होतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यात फारसे बिघडत नव्हते. आता बिघडू शकते.

एकच विद्यापीठ, एकच पदवी, मग फरक कसला?

अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झालेल्या या विद्यापीठाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे आहेत. संलग्न कॉलेज कोणतेही असो, अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते आणि पदवीही विद्यापीठच देते. त्यामुळे ‘कुठूनही केले तरी बीए ते बीएच’ हे वाक्य वऱ्हाडात घरोघरी ऐकू येते.

या वाक्यामागे इतिहासही आहे. १९२३ मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. तोवर वऱ्हाडातल्या मुलांना पदवीसाठी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. पंजाबराव देशमुखांसारखा शेतकऱ्याचा मुलगा पुण्याच्या फर्ग्युसनला आणि तिथून विलायतेला गेला. परत आल्यावर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आज या एकाच संस्थेची कॉलेजे अमरावतीत आहेत, अकोल्यात आहेत आणि दर्यापुरातही आहेत. त्या काळी कॉलेज गावाजवळ असणे हीच मोठी गोष्ट होती, कोणते कॉलेज हा प्रश्न नंतरचा. ती सवय अजून गेलेली नाही.

पण २०२४-२५ पासून राज्यातल्या सर्व संलग्न कॉलेजांमध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला आणि बीएची रचनाच बदलली. पूर्वी तीन ऐच्छिक विषय आणि भाषा घेतल्या की काम संपायचे. आता एक मुख्य विषय म्हणजे मेजर, एक दुय्यम विषय म्हणजे मायनर, त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रीय प्रकल्प असे अनेक कप्पे आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. विद्यापीठ या कप्प्यांची चौकट देते. त्या चौकटीत प्रत्यक्ष काय ठेवायचे, हे कॉलेजकडे कोणते विषय आणि कोणते शिक्षक आहेत यावर ठरते. पदवीचा कागद सारखाच राहतो, त्यामागचे शिक्षण सारखे राहीलच असे नाही.

‘ओपन इलेक्टिव्ह’ कळीचा मुद्दा का?

राज्य शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयात ओपन इलेक्टिव्हला १० ते १२ क्रेडिट दिले आहेत आणि एक अट घातली आहे. हे विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचे असले पाहिजेत. म्हणजे इतिहासात बीए करणाऱ्या विद्यार्थिनीने कला शाखेबाहेरचे काहीतरी शिकायचे. वाणिज्यमधले वैयक्तिक अर्थनियोजन असेल, विज्ञानातले पर्यावरण किंवा संगणकाची मूलतत्त्वे असतील.

कागदावर ही कल्पना उत्तम आहे. धोरणाच्या मसुद्यात त्यासाठी थेट बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांचा दाखला दिला आहे. पुण्याच्या फ्लेम किंवा हरियाणातल्या अशोका विद्यापीठात ‘लिबरल आर्ट्स’ या नावाखाली विद्यार्थी लाखो रुपये भरून जे घेतात, म्हणजे अर्थशास्त्रासोबत संगीत किंवा इतिहासासोबत संगणक, त्याची साधी आवृत्ती आता वऱ्हाडातल्या अनुदानित कॉलेजातही मिळायला हवी.

अडचण इथेच येते. ज्या कॉलेजात कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखा आहेत, तिथे इतिहासाची विद्यार्थिनी शेजारच्या इमारतीत जाऊन वाणिज्यच्या प्राध्यापकाकडून शिकू शकते. ज्या कॉलेजात फक्त कला शाखा आहे, तिथे दुसऱ्या शाखेचा शिक्षक आणायचा कुठून? मग तीन मार्ग उरतात. शेजारच्या कॉलेजशी करार करायचा, तासिका तत्त्वावर बाहेरचा शिक्षक नेमायचा किंवा केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यायला सांगायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम स्वयमवरून घेता येतात. म्हणजे हा मार्ग नियमात बसतो. मात्र गावी राहून मोबाइलवर व्हिडीओ पाहायचे आणि परीक्षेपुरते शहरात यायचे, यासाठी अमरावती की अकोला हा वादच उरत नाही.

चौथाही एक मार्ग आहे, तो कोणत्याही माहितीपत्रकात छापला जात नाही. वर्गाला सरसकट एकच ओपन इलेक्टिव्ह द्यायचा. ज्याचा शिक्षक मोकळा आहे तोच विषय. अर्जात पर्याय एकच असतो आणि त्याला ‘निवड’ म्हटले जाते.

म्हणून दोन कॉलेजांची तुलना करताना पहिला कागद मागायचा तो ओपन इलेक्टिव्ह आणि मायनरच्या यादीचा. त्यातही ‘विद्यापीठाने मंजूर केलेली यादी’ नको, ती दोन्हीकडे सारखीच असणार. मागच्या वर्षी त्या कॉलेजात प्रत्यक्ष कोणते विषय शिकवले गेले, ती यादी हवी. मायनरला १८ ते २० क्रेडिट असतात आणि तो मेजरच्याच शाखेतला घेता येतो, त्यामुळे कला शाखेच्या कॉलेजातही तिथे खरी निवड मिळू शकते. फक्त मराठी, इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या चारच विषयांचे विभाग असतील तर ती निवड किती खरी, हे वेगळे सांगायला नको.

शिक्षक किती, आणि कायम किती?

छोट्या कॉलेजातला एखादा विभाग म्हणजे अनेकदा एक माणूस. तो निवृत्त झाला की विभागाची पाटी राहते, शिक्षक राहत नाही.

राज्यात सहायक प्राध्यापकांची भरती अनेक वर्षे तुकड्यातुकड्यांनी होत आली. २०२१ मध्ये शासनाने २,०८८ पदे भरायला मान्यता दिली, तीही संपूर्ण राज्यासाठी. दरम्यानच्या काळात निवृत्ती सुरूच राहिली. रिकाम्या जागा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी भरून काढल्या. नेट-सेट, पीएच.डी. झालेले हे शिक्षक शिकवण्यात कमी असतात असे अजिबात नाही. वऱ्हाडातले कित्येक वर्ग त्यांच्याच जिवावर चालतात. पण त्यांची नेमणूक त्या-त्या वर्षापुरती असते आणि बहुतेक वेळा सत्र सुरू झाल्यावरच होते. जुलैत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनीला त्या विषयाचा शिक्षक गणपतीनंतर भेटला, तर सत्रातला बराच वेळ गेलेला असतो.

प्राध्यापक घरोघरी का फिरतात, याचेही उत्तर इथेच आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असावे, असा आयोगाचा निकष आहे. विषयाला विद्यार्थी मिळाले नाहीत तर कार्यभार घटतो आणि पद धोक्यात येते. त्यामुळे दारात आलेला प्राध्यापक ‘आमचा विषय घ्या’ म्हणतो तेव्हा त्यात विद्यार्थिनीच्या भल्याइतकीच त्याच्या पदाची काळजीही असते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. फक्त ऐकणाऱ्याला ते माहीत असावे.

तपासायचे कसे? थोडे गणित पुरते. सिद्धांताच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास शिकवणे अपेक्षित असते. सत्राला २२ क्रेडिट धरले आणि शिकवण्याचे १५ आठवडे धरले, तर आठवड्याला किमान २२ तासिका भरायला हव्यात. प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. कॉलेजचे मागच्या वर्षीचे वेळापत्रक बहुधा कार्यालयाबाहेरच्या फलकावर किंवा संकेतस्थळावर असते. त्यात प्रथम वर्ष कलाच्या तासिका मोजाव्यात आणि प्रत्येक तासिकेपुढे शिक्षकाचे नाव आहे की जागा मोकळी आहे, ते पाहावे. त्यानंतर कोणत्याही दिवशी, सूचना न देता, सकाळी साडेदहा-अकराला वर्गावर चक्कर मारावी. बाकांवर किती जण दिसतात, यातून नॅकच्या श्रेणीपेक्षा जास्त कळते.

नॅकची श्रेणी निरुपयोगी आहे असे नाही. ती संपूर्ण संस्थेची असते, विषयाची नसते, आणि साधारण पाच वर्षांसाठी असते. त्यामुळे फ्लेक्सवर अक्षर पाहिले की त्याची तारीखही पाहावी. कॉलेजच्या संकेतस्थळावर अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा वार्षिक अहवाल असतो. मंजूर पदे, भरलेली पदे, पीएच.डी.धारक शिक्षक यांचे आकडे त्यात द्यावेच लागतात. दोन कॉलेजांचे दोन अहवाल मोबाइलवर शेजारी-शेजारी उघडले की वीस मिनिटांत चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते.

‘स्वायत्त’ लिहिलेले असेल तर?

स्वायत्त कॉलेज स्वतःचा अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा स्वतः घेते, निकाल स्वतः लावते. पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. अमरावतीत याचे सर्वात जुने नाव म्हणजे पूर्वीचे किंग एडवर्ड कॉलेज. ते स्वातंत्र्यानंतर विदर्भ महाविद्यालय झाले, आज ती शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे आणि स्वायत्त आहे. ही संस्था छोटी नाही. पण तुलनेसाठी ती डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

स्वायत्ततेचा फायदा असा की निकाल विद्यापीठाच्या रांगेत अडकत नाही आणि नवा विषय लवकर सुरू करता येतो. तोटा असा की प्रश्नपत्रिका काढणारे आणि तपासणारे बहुतांशी त्याच कॉलेजातले असतात. विभागात दोनच शिक्षक असतील तर विद्यार्थिनीने तीन वर्षांत दोनच जणांची नजर अनुभवलेली असते. मोठ्या विभागांच्या संस्थेत हा प्रश्न येत नाही, छोट्या कॉलेजात येतो.

चौथे वर्ष कुठे होणार?

प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो तीन वर्षांनी अंगावर येतो. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला दाखल झालेल्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, नंतर दोन वर्षांचे एमए करता येते. किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायचे, मग एमए एका वर्षाचे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.साठी पात्र होता येते आणि नेटही देता येते.

मात्र ‘संशोधनासह ऑनर्स’ द्यायचे असेल तर विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक होऊ शकतील असे किमान दोन कायम शिक्षक हवेत, अशी आयोगाची मार्गदर्शक सूचना आहे. एका माणसाच्या विभागाला हे जमणार नाही. ज्या विद्यार्थिनीला पुढे प्राध्यापकी किंवा संशोधन करायचे आहे, तिच्यासाठी अमरावती-अकोला या वादाचा निकाल इथेच लागू शकतो. अमरावतीत विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग आहेत, राज्याचे मराठी भाषा विद्यापीठ जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला आहे आणि पत्रकारितेसाठी भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्रही अमरावतीत आहे. अर्थात बीए अकोल्याला करून एमएला अमरावती गाठता येतेच. तीन वर्षे चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली काढून मग शहर बदलणे, हा वाईट सौदा नाही.

धोरणात आणखी एक ओळ आहे, तिची चर्चा छोट्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये होते, घरांमध्ये होत नाही. २०४० पर्यंत सर्व उच्च शिक्षण संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि प्रत्येकीत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावेत, असे धोरणाचे उद्दिष्ट आहे. दोन-अडीचशे विद्यार्थ्यांचे कला कॉलेज त्या चित्रात कुठे बसते, याचे उत्तर आज कुणाकडे नाही. आत्ता प्रवेश घेणाऱ्याचे कॉलेज उद्या बंद पडेल, असा त्याचा अर्थ नव्हे. पण एखादा विषय मध्येच बंद होणे ही नेहमीची गोष्ट आहे.

एमपीएससी करायची असेल तर?

वऱ्हाडात बीए करणाऱ्या अनेकांचे खरे लक्ष्य स्पर्धा परीक्षा असते. ‘प्रवेश कॉलेजात, अभ्यास अभ्यासिकेत’ हे गणित वर्षानुवर्षे चालले, कारण राज्यसेवा मुख्य परीक्षा मोठ्या प्रमाणात बहुपर्यायी होती. २०२५ पासून ती यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली. नऊ पेपर आहेत. त्यात निबंध आहे, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आहेत आणि एका वैकल्पिक विषयाचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर आहेत. लेखी १,७५० आणि मुलाखत २७५, असे एकूण २,०२५ गुण.

यामुळे बीएच्या मेजरला बऱ्याच वर्षांनी किंमत आली. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी साहित्य, भूगोल यांपैकी जो विषय वैकल्पिक म्हणून घ्यायचा, तोच तीन वर्षे नीट शिकता येणे हा मोठा फायदा आहे. त्यासाठी उत्तरे लिहून घेणारा आणि लाल शाईने तपासून परत देणारा शिक्षक लागतो. वर्गात वीस-पंचवीस मुले असलेल्या छोट्या कॉलेजात हे खरोखर शक्य आहे. दीडशेच्या वर्गात नाही. छोट्या कॉलेजाची जाहिरात करायचीच असेल तर ती या मुद्द्यावर करायला हवी, पण फ्लेक्सवर इमारतच छापली जाते.

खर्च आणि प्रवासाचा हिशेब कसा मांडायचा?

जुलै २०२४ च्या निर्णयाने मुलींना मोफत उच्च शिक्षण मिळाले, असा अनेक घरांचा समज आहे. तो निर्णय केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बीएसाठी नाही. बीएला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा राजर्षी शाहू शिष्यवृत्ती यांसारख्या योजनांसाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. अनुदानित तुकडीची फी मुळात कमी असते. पण त्याच कॉलेजात, त्याच वर्गखोलीत, काही विषय विनाअनुदानित असू शकतात आणि त्यांची फी वेगळी असते. मानसशास्त्र, पत्रकारिता, संगणक अशा मागणीच्या विषयांबाबत हे आधी विचारून घ्यावे.

खरा खर्च राहण्या-जेवणाचा आणि प्रवासाचा. एसटीचा मुलींसाठीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. पुढे विद्यार्थी मासिक पासवर ६६.६६ टक्के सवलत मिळते. रेल्वेच्या नियमांत पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज प्रवासासाठी द्वितीय श्रेणीचा मासिक पास मोफत देण्याची तरतूद आहे, पण ती फार कमी जणींना माहीत असते. कॉलेजचा दाखला घेऊन स्थानकावर चौकशी करावी. मूर्तिजापूरहून अकोला थेट मुख्य मार्गावर आहे. अमरावतीसाठी बहुधा बडनेऱ्याला उतरून आणखी दहा किलोमीटर जावे लागते. रोज ये-जा करणाऱ्या मुलीसाठी ही दहा किलोमीटर म्हणजे सकाळचा पहिला तास बुडणे. दर्यापूर, अंजनगावच्या मुलींना तर शकुंतला बंद पडल्यापासून एसटीशिवाय पर्याय नाही. अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज बुकात गेला. मात्र आतल्या गावातून त्या महामार्गापर्यंत सकाळी सातला गाडी आहे का, हा प्रश्न प्रत्येक घराला स्वतःच सोडवावा लागतो.

राहायचे असेल तर शासकीय वसतिगृहासाठी अर्ज आधी करावा. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयं आणि इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार या योजनांतून राहण्या-जेवणाची रक्कम थेट खात्यात येते. ही रक्कम शहराच्या दर्जानुसार ठरते. त्यामुळे महसूल विभागाचे मुख्यालय असलेल्या अमरावतीचा आणि अकोल्याचा टप्पा वेगळा असू शकतो. स्वाधार स्थानिक विद्यार्थ्याला मिळत नाही, ही अटही लक्षात ठेवावी.

आणि गावातलेच कॉलेज? मूर्तिजापूरला श्री गाडगे महाराज महाविद्यालय आहे, दर्यापूरला जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय आहे. अमरावती-अकोल्याच्या चर्चेत या तिसऱ्या पर्यायाला कुणी विचारत नाही. शहरातल्या कॉलेजात ओपन इलेक्टिव्ह एकच, विभागात शिक्षक एकच आणि रोजचे तीन तास गाडीत जाणार असतील, तर त्यापेक्षा चालत जाता येणारे कॉलेज बरे. उलट एखाद्या मुलीसाठी शहरात राहणे हेच शिक्षण असते. वाचनालय, नाटक, युवा महोत्सव, घरापासून लांब राहण्याची सवय. हे कोणत्याही क्रेडिटमध्ये मोजले जात नाही आणि घरच्यांशी बोलताना ते कारण म्हणून सांगताही येत नाही.

निवड चुकली तर?

वर्ष वाया जाईलच असे नाही. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. एकाच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलता येते. दोन अडथळे येतात. नव्या कॉलेजात तोच मेजर आणि मायनर शिकवला जात असला पाहिजे आणि तिथे जागा रिकामी असली पाहिजे. इतिहास-राज्यशास्त्र अशी नेहमीची जोडी असेल तर अकोल्याहून अमरावतीला किंवा उलट जाणे सोपे आहे. मोजक्याच कॉलेजांत असलेला विषय घेतला असेल तर अवघड.

त्यामुळे अपार आयडी पहिल्याच सत्रात काढून क्रेडिट खरेच जमा झालेत का, हे डिजिलॉकरवर पाहून घ्यावे. ते दिसत नसतील तर कॉलेज बदलण्याच्या वेळी नव्हे, पहिल्या सत्राचा निकाल लागल्याबरोबर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.